मीठ कोणी वाटायचं

कोरडी विहीर
६ सप्टेंबर

डेल्फी,

फोन का उचलत नाहीस म्हणून तू दुकानात निरोप ठेवलास. फोन नाही. मेंढ्यानं तुडवला. काय बोलायचं ते त्याला बोल. इथून पुढे पत्र लिही, दुकानात टपाल येतं तेव्हा मी पीठ आणायला जातेच.

तुझ्या लेकाला, लायलला सांग, ते हेलिकॉप्टर माझ्या डोक्यावरून नेत जाऊ नको. टुरिस्ट लोक काचेला नाक लावून दरी बघणार, वा वा करणार, आणि इकडे माझा कळप उधळून पार काठापर्यंत जाणार. परवा मी खालून काठी उगारली. त्याला वाटलं मावशी टाटा करतेय. त्यानं हवेत शेपटी हलवून दाखवली. म्हणजे हेलिकॉप्टरची. मूर्ख आहे. लहानपणीही असाच होता.

आता कामाचं. तुझी नात तीन महिन्यांची होत आली. सगळ्यांनी तिला बघितली. दुकानदारानं बघितली. दुकानदाराच्या सासूनं बघितली, तिला तर नीट दिसतही नाही. राहिले मी. उन्हाळाभर पिकअप बंद होती, आता लागली. तिच्यासाठी पांघरूण विणलंय. लाल, कडेला राखाडी. राखाडी लोकर त्या म्हाताऱ्या बकरीच्या शेजारी झोपणाऱ्या मेंढीची, मऊ असते.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लायलच्या घरी जाते. सुनेला, मर्लिसला सांगून ठेव, फार स्वयंपाक करू नको म्हणावं. तिला येत नाही.

हात दुखला. शाळेतून मी तिसरीत पळाले ती काय पत्रं लिहायला नाही.

लुएला


फीनिक्स
१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून हसू आलं, आणि शनिवारचं वाचलं तशी लगेच लिहायला बसले. आता जे लिहितेय त्याचा राग धरू नकोस. तू धरशीलच, पण तरी सांगते.

शनिवारी जाऊ नकोस. म्हणजे इतक्यात नको. ओपल अजून हसलेली नाही. झोपेत ओठ हलवते ते नाही मोजायचं. खरं, आवाज करून, समोरच्याकडे बघून हसायचं, ते अजून नाही. आणि आई काय म्हणायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. बाळाला जो पहिल्यांदा हसवेल त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, बाळाचा हात हातात धरून एकेकाच्या तळहातावर मीठ ठेवायचं, म्हणजे बाळ मोठेपणी देणाऱ्या हाताचं होतं. आणि ज्यानं हसवलं त्याचा स्वभाव बाळाला लागतो. इथे हॉटेलच्या लाँड्रीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणतात, तुम्हा नवाहो लोकांचं काहीतरीच असतं. असू दे. मी मानते. तूही मानतेस.

म्हणून मी हॅरिसनला सांगितलंय. आपला भाऊ इतकी वर्षं हेडमास्तर होता, पण कधी कोणावर आवाज चढवला नाही. दर रविवारी तो जातो, ओपलसमोर बसतो आणि तोंडं करतो. ओपलनं हॅरिसनसारखं व्हावं असं मला वाटतं. शांत. गोड बोलणारी.

ताई, तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. पण मागच्या वर्षी लायलच्या लग्नात तू नुसतं "काय गं?" म्हणालीस आणि तीन पोरं रडायला लागली. एकदा ती हसली की तू खुशाल जा, महिनाभर राहा.

तिला हसवणार नाहीस असा मला शब्द दे.

तुझी,
डेल्फीन


कोरडी विहीर
२० सप्टेंबर

डेल्फी,

दिला.

पांघरूण दुकानात ठेवते. लायलला न्यायला सांग. राखाडी कड पायाकडे घ्यायची.

ती पोरं नवरीच्या केकमध्ये बोटं घालत होती. ते तू लिहिलं नाहीस.

हॅरिसन तिला हसवणार म्हणे. त्याच्या वर्गात पोरं झोपायची, हे त्यानंच मला सांगितलंय आणि त्याला त्याचा अभिमान आहे.

हेलिकॉप्टर काल पुन्हा आलं.

लुएला


फीनिक्स
२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र इतकं छोटं होतं की मी पाकीट उलटं करून बघितलं, आत आणखी काही राहिलंय का. रागावलीस. कळलं मला.

ओपल अजून हसत नाही! हॅरिसन चार रविवार गेला. शेवटी त्याचाच गाल दुखायला लागला. मर्लिसच्या माहेरचे सगळे येऊन गेले. ओपल सगळ्यांकडे अशी बघते की ती लोकं उठून भांडी घासायला लागतात.

आता ऐक. लायलच्या कंपनीत उन्हाळ्याची गर्दी ओसरली की पायलट लोकांच्या घरच्यांना एक फेरी फुकट मिळते. दरीवरून, नदीवरून, सुळक्यांना वळसा घालून, अगदी टुरिस्ट लोकांना नेतात तशी. माझं नाव होतं. पण मला सुट्टी नाही, आणि खरं सांगू का, मला शिडीवर चढलं तरी गरगरतं. लायल म्हणाला, "मग मावशीला नेतो. रोज खालून काठी दाखवते, एकदा वरून बघू दे तिला."

मी आधी नाही म्हटलं. कारण मर्लिस ओपलला घेऊन बसणार आहे आणि हॅरिसनही आहे. पण लायल हट्टाला पेटला. तेव्हा मी सगळं ठरवून दिलंय. तू पुढे लायलच्या शेजारी बसायचं, बाळाकडे पाठ करून. हॅरिसन मागे, बाळाच्या समोर. त्यानं टर्की कोंबड्याचा आवाज शिकून घेतलाय. मला फोनवर करून दाखवला, मी तर दचकलेच. हवेत, उजेडात, नवीन जागी बाळं खुलतात म्हणे.

आणि तुझा तो लाल रुमाल डोक्याला बांध. वेळ पडली तर तोंडावर ओढून घे.

जाशील ना?

तुझी,
डेल्फीन


कोरडी विहीर
१२ ऑक्टोबर

डेल्फी,

झालं. उडाले. जिवंत आहे. सगळं एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस.

तिथे गेल्या गेल्या एका पोरीनं मला काट्यावर उभं केलं. मी म्हटलं, "मी काय लोकरीचं पोतं आहे?" ती म्हणाली, "आजी, सगळ्यांचंच वजन करावं लागतं." आजी म्हणाली मला. मग हॅरिसन चढला. आकडा बघून ती इकडेतिकडे पेन्सिल शोधायला लागली. पेन्सिल तिच्या कानावरच होती.

त्या वजनावरून कोणी कुठे बसायचं ते ठरतं. तुझं ठरवणं तिथे चालत नाही. लायल म्हणाला, "मामा पुढे माझ्या शेजारी. मावशी मागे, मर्लिसच्या समोर."

मी म्हटलं, "नाही. मी पुढे."

"मावशी, मामा मागे बसला तर आपली शेपटी खाली झुकेल."

"मग त्याला घरी ठेव."

"मी इथेच उभा आहे लुएला," हॅरिसन म्हणाला. एवढ्या गोड आवाजात म्हणाला की मला आणखी राग आला.

मी लायलला बाजूला ओढलं. म्हटलं, "तुझ्या आईला शब्द दिलाय मी. मला बाळासमोर बसवू नको." तर तो म्हणतो, "मावशी, वजनाला आईचा शब्द कळत नाही." आणि मला दंडाला धरून आत बसवलं आणि पट्टे आवळले. बकरी गाडीत चढवतात तसं.

माझी खुर्ची उलट्या तोंडाची. हेलिकॉप्टर जातं एकीकडे आणि आपण बघायचं दुसरीकडे. म्हणजे मला सगळं मागे गेलेलंच दिसत होतं, पुढे काय येतंय ते काही नाही. मर्लिसचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकलेले. तिच्या पोटाशी पट्ट्यानं बांधलेली ओपल. आवाज लागू नये म्हणून तिच्या कानांवर जाड टोप्या चढवलेल्या, लायलचं काही ऐकू येत नाही की दुसऱ्या कुणाचं. दोन टोप्यांच्या मधे एवढंसं तोंड. पांघरूण गुंडाळलं होतं. राखाडी कड पायाकडे होती, बरोबर.

ती माझ्याकडे बघत होती. घोडा विकत घ्यायला आलेला माणूस घोड्याकडे बघतो ना, तशी. पहिल्यांदाच बघितली मी तिला. बरी आहे. म्हणजे चांगली आहे. मी लगेच रुमाल तोंडावर ओढला. डोळ्यांवरूनसुद्धा. तुझा शब्द पाळायचा म्हणून.

उडताना काही कळत नाही. कॉफी उकळायला आली की भांडं थरथरतं तसं खालून थरथरतं, आणि मग जमीन हळूच आपला हात सोडते. मी रुमालाच्या आत बसून म्हटलं, एवढंच? कानातल्या यंत्रातून हॅरिसन दगडांचा इतिहास सांगत होता. अमका थर अमक्या काळातला. कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात काठ संपला.

डेल्फी, मी उलटी बसलेली, तोंडावर रुमाल, मला काय माहीत काठ कधी संपणार! मी जरा बघावं म्हणून रुमाल बोटभर खाली केला, तर खाली झुडपं होती, झुडपं होती, आणि एकदम काहीच नव्हतं. जमीन गेली. पाताळात गेली. मी जी ओरडले! काय ओरडले ते लिहीत नाही, तू लाँड्रीत वाचून दाखवशील. रुमाल मांडीत पडला. मी पुन्हा वर ओढला. लायलनं वळण घेतलं, सगळी दरी तिरकी होऊन माझ्या खांद्यावर आली. मी पुन्हा ओरडले, रुमाल पुन्हा खाली. पुन्हा वर. मग तो एका सुळक्याला चिकटूनच गेला, आपली सावली भिंतीवरून कोळ्यासारखी धावत होती. पुन्हा तेच.

आणि ओपल हसली.

मर्लिसच्या तोंडापुढे बोलायची ती नळी असते, ती ओपलच्या तोंडापाशी आली होती. त्यामुळे ते हसू सगळ्यांच्या कानात आलं. यंत्राचा एवढा गोंगाट, आणि त्यात ते. चुलीत ओली काडी टाकली की तडतडते ना, तसं. थांबायचं आणि पुन्हा. लायलनं मान वळवली, मी त्याला ओरडले, "पुढे बघ!" मर्लिस रडत होती. हॅरिसन टर्कीचा आवाज काढत होता.

तर हॅरिसननं हसवलं. टर्कीनं. तसं सगळ्यांना सांग. झालं तुझ्या मनासारखं.

मग मी रुमाल गुंडाळून खिशात टाकला, आता कशाला लपायचं. आणि दरी बघितली. जन्मभर त्या काठावर राहिले, पण माणूस घराच्या भिंतीला टेकून बसतो, भिंत बघत नाही. भिंतींवर पट्टेच पट्टे, लाल, मग फिका, मग गुळासारखा, मग पुन्हा लाल. एवढा सरळ पट्टा मला मागावर कधी जमला नाही. मधेच कुणाचा तरी हात चुकलाय असं वाटतं, पट्टा तिरका जातो, आणि तीच जागा सगळ्यात छान दिसते. तळाशी नदी. इथून कधी दिसत नाही ती. हिरवी आहे. दोऱ्याएवढी.

परत येताना लायल मुद्दाम माझ्या घरावरून गेला. घर कॉफीच्या डब्याच्या झाकणाएवढं. मेंढ्या मिठाचे खडे सांडावेत तशा. मी म्हटलं, आता बघ कशा उधळतात. तर मेंढ्या नाही पळाल्या. आधी सार्जंट पळाला. आपला कुत्रा! तो हेलिकॉप्टरच्या सावलीमागे भुंकत सुटला, आणि कुत्रा पळाला म्हणून मेंढ्या पळाल्या. एवढे दिवस मी त्याला जास्तीचं हाड घालत होते, राखण करतो म्हणून.

लायल पुढेच बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

आता हात खरंच दुखतोय.

लुएला


फीनिक्स
२० ऑक्टोबर

ताई, ताई, ताई!

मर्लिसचा फोन आला तेव्हा मी चादरींच्या गाडीवर बसून रडले. मुकादम बाई धावत आली, तिला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, नात हसली. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

तू शब्द पाळलास. डोळ्यांवरून रुमाल! तेवढं मी सांगितलंही नव्हतं. ताई, तुला त्या खुर्चीत बसवलं त्यात तुझा दोष नाही, मी लायलला बोलले.

हॅरिसन तर हवेतच आहे अजून. म्हणतो, "मी पाठमोरा होतो गं, मला ती दिसली नाही, पण मी टर्की केली आणि कानात हसू." रोज टर्की करतोय म्हणे. त्याच्या बायकोनं मला फोन करून विचारलं, हे कधी थांबणार.

तर जेवण त्याच्याकडून. आई असती तर म्हणाली असती चार दिवसांत व्हायला हवं, पण आता सगळ्यांच्या नोकऱ्या. आठ नोव्हेंबरचा शनिवार धरलाय, लायलच्या घरासमोर. मी सुट्टी घेतली, बसनं येते. हॅरिसनला मेंढ्या हव्यात, तुझ्याशिवाय कोणाकडे मागणार? तोच विचारणार होता, पण तुला भितो.

तुझी,
डेल्फीन


कोरडी विहीर
२५ ऑक्टोबर

डेल्फी,

दोन मेंढ्या देते. एक पुरणार नाही, मर्लिसच्या माहेरचे खातात.

हॅरिसनला सुरी देऊ नका. मी कापेन. रस्सा मी करेन, मक्याचे दाणे माझ्याकडे आहेत, वाळवलेले. पीठ तू आण, पांढरं, तळायच्या भाकऱ्यांसाठी. चरबी मी आणते. चूल मर्लिसच्या घराच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला मांडायची. मी तिथेच असेन, पुढे येणार नाही. मला रांगेत बोलावू नका, रस्सा लागतो.

मीठ दुकानातलं घेऊ नका. आपल्या मोठ्या मामानं घोड्यावरून आणलेला तो मिठाचा दगड माझ्याकडे आहे, राखाडी, मुठीएवढा. मी कधी फोडला नाही. तो फोडून देते. हॅरिसनला सांग, बाळाचा हात सैल धरायचा, दाबायचा नाही. तिची बोटं अजून आपणहून मिटतात. ती मीठ धरून ठेवेल. घाई करायची नाही, ती सोडेल तेव्हा सोडेल.

मी हेलिकॉप्टरमध्ये बघितली तिची बोटं. म्हणून सांगते.

लुएला


फीनिक्स
३१ ऑक्टोबर

लुएला मेनीगोट्स,

हे पत्र उभ्यानं वाच.

त्या हेलिकॉप्टरमध्ये कॅमेरा असतो, तुला माहीत नव्हतं ना? टुरिस्ट लोकांना उतरल्यावर त्यांची फिल्म विकतात. मर्लिसनं काल मला आपली पाठवली. मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून बघितली. मग सगळ्या बायकांना बोलावलं. मग मुकादम बाईला. आता स्वयंपाकघरातले लोक येतात आणि विचारतात, ती रुमालवाली बाई दाखवा.

तू रुमाल वर ओढतेस. दिसत नाहीस. रुमाल खाली पडतो आणि तुझं तोंड असं बाहेर येतं, आ वासलेलं, डोळे बाहेर, जणू तुला कुणी विहिरीतून काढलंय. पुन्हा रुमाल. नाहीस. पुन्हा आहेस! अगं, जगातली सगळी माणसं बाळांना असंच हसवतात, हातानं तोंड झाकून, भो करून. फक्त ती खोटं खोटं ओरडतात. तू खरं ओरडलीस.

पहिल्यांदा ओपल नुसती बघते. दुसऱ्यांदा ओठ हलतात. तिसऱ्यांदा तू रुमाल वर ओढलास ना, तेव्हा ती वाट बघत बसलीय ताई. रुमालाकडे टक लावून. आणि तू बाहेर आलीस आणि ती हसली.

टर्की नंतर आहे. मी पुन्हा पुन्हा बघितलं. आधी हसू, मग टर्की. आणि तिच्या कानांवर टोप्या! तूच लिहिलंस की तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि मी वाचून पुढे गेले. हॅरिसननं चर्चची घंटा वाजवली असती तरी तिला कळलं नसतं.

तुला माहीत होतं. तू शब्द दिला होतास म्हणून खोटं बोललीस. आणि वर मागच्या चुलीपाशी बसून दुसऱ्याच्या नावानं रस्सा ढवळणार होतीस, मामाचा मिठाचा दगड फोडून.

मी रात्रपाळीवरून घरी येऊन दाराशी उभी राहिले. हे दार आठवतं तुला? ओपलचे आजोबा गेले तेव्हा सगळे आले, माझ्याजवळ बसले, फार छान बोलले. हॅरिसन सगळ्यात छान बोलला. तू पिकअपमध्ये लाकडं भरून आलीस, मला बघून म्हणालीस, "तुझं दार नीट लागत नाही," आणि खाली बसून दार काढलंस. मला तेव्हा राग आला होता. पण ते दार अजून नीट लागतं. रोज लागतं.

ओपलला तुझा स्वभाव लागला असेल तर लागू दे. पोरं रडतील थोडी.

हॅरिसनला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच. माझ्या टर्कीवर आजवर कुणीच हसलं नव्हतं." पण त्याला हायसं वाटलंय. मागच्या चुलीपाशी तो बसणार, ढवळायचं काम जमेल त्याला. त्याच्या बायकोला तर सगळ्यात जास्त आनंद झालाय.

पुढे तू बसायचं. धुतलेला घागरा, आईचं निळ्या खड्यांचं कडं. आणि तो रुमाल.

आता मला शब्द दे.

तुझी धाकटी,
डेल्फीन


कोरडी विहीर
१७ नोव्हेंबर

डेल्फी,

बस नीट पोचली असेल. नसती तर तुझा निरोप आला असता.

सगळं तू बघितलंस, मी काय सांगू. हॅरिसननं रस्सा खाली लावला. भाकऱ्या तू जाड थापल्यास. लोक एवढे आले की लायलला कंपनीतून घडीच्या खुर्च्या आणायला लागल्या. मर्लिसच्या आईनं माझं कौतुक केलं, मी तिला म्हटलं बस आता, खा. तेवढं मी चुकले नाही ना? तिनं खाल्लं तरी.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. रांगेत तू शेवटी आलीस, हात पुढे केलास, आणि तुझ्या हातावर सगळ्यात मोठा खडा पडला. तुला वाटलं मी दिला. तुझा चेहरा तसा झाला होता. मी नाही दिला. मी नुसता तिचा हात धरला होता, तिनंच मूठ उघडली. मी तर म्हणत होते थोडं थोडं, अजून लोक येतील.

कालचं सांगते. मर्लिस ओपलला घेऊन माझ्याकडे आली. एकटी, गाडी चालवत, या रस्त्यानं. पोरीला स्वयंपाक येत नाही पण धीर आहे. आम्ही घराबाहेर बसलो होतो, ओपल तिच्या पाळण्याच्या फळीवर बांधलेली, फळी भिंतीला टेकवलेली, लाल पांघरूण. ऊन चांगलं होतं. तेवढ्यात लायल टुरिस्ट घेऊन आला डोक्यावरून. सार्जंट सुटला. मेंढ्या सुटल्या. लायलनं शेपटी हलवली.

आणि ओपलनं वर बघितलं आणि कपाळाला आठी घातली. अशी की माशी बसली असती तर अडकली असती. मर्लिस म्हणाली, "मावशी! ही तर तुमची आठी!" आणि तिनं तोंडावर हात ठेवला, मला वाटलं घाबरली. हसत होती.

मी ओपलसमोर जाऊन बसले. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. दोघींच्या आठ्या. ती काही सोडेना. मग मी मर्लिसला म्हटलं, "तू जा, बकरीला पाणी दाखवून ये." ती म्हणाली, "आत्ताच दाखवलं." मी म्हटलं, "पुन्हा दाखव."

ती गेल्यावर मी खिशातून रुमाल काढला.

पुढचं सांगत नाही. तिथे कॅमेरा नव्हता.

लुएला